मिनी ट्रॅक्टर उलाळ झाला, त्या दिवसाचं सगळं गणित

दाजींच्या उजव्या पायाची दोन बोटं मोडली, करंगळी आणि तिच्या शेजारचं, आणि ऐन कामाच्या दिवसात माणूस सहा आठवडे पलंगावर. मोडलं ते एवढंच. पण मागं जड टाकी लटकवलेल्या ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं गेलं त्या वेळी बंपरवर त्यांचाच पोरगा उभा होता आणि स्टिअरिंगवर माझा धाकटा चुलत भाऊ होता, आणि दोघांपैकी कुणाचंही काहीही होऊ शकलं असतं, हे आठवलं की आजही माझी झोप उडते. कारण उभं राहा म्हणून सांगणारा मी होतो. सांगोल्याच्या बाजूला, तिकडं पंढरपूर-मंगळवेढ्याला, जिथं जिथं डाळिंब आणि द्राक्ष आहे तिथं मिनी ट्रॅक्टर आहे, आणि त्यानं काहीतरी जड उचलायचं काम प्रत्येकाच्या रानात महिन्यातनं एकदा निघतंच, म्हणून हे सगळं आकड्यांसकट लिहून काढतोय.

झालं असं की आमची जुनी डाळिंबाची बाग खोडकिडीनं आणि मर रोगानं खाल्ली, शेवटी काढून टाकली. नवीन लागण शेततळ्याखालच्या तुकड्यात करायची ठरली. ड्रिपचा सँड फिल्टर, म्हणजे पाणी गाळायची वाळूची टाकी, मात्र जुन्या विहिरीवर, म्हणजे शेततळ्यापासून साधारण चारशे मीटरवर. तो उचलून तळ्याच्या बांधावर नव्या मोटरीशेजारी बसवायचा होता. संक्रांत होऊन दोन दिवस झालेले, सोलापुरात गड्ड्याची यात्रा चालू, दोन गडी तिकडं गेलेले. जेसीबीवाल्याला फोन केला तर म्हणाला परवा येतो. इकडं रोपं येऊन सावलीत पडलेली, रोज बादलीनं पाणी घालायला लागत होतं. मग मीच म्हणालो, कशाला थांबायचं, आपला मिनी आहे की.

आमचा ट्रॅक्टर २४ एचपीचा, फोर व्हील ड्राइव्ह. बागेत फांद्यांखालनं जावा म्हणून रोलबार, म्हणजे उलटला तर चालवणाऱ्याला वाचवणारी लोखंडी कमान, काढून शेडमध्ये ठेवलेला, तो वर्षभर तिथंच होता. पुस्तकात लिफ्टिंग कपॅसिटी ७५० किलो लिहिलेली आहे आणि हा आकडा आमच्या घरात सगळ्यांना पाठ. थ्री पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं अवजारं जोडून उचलायच्या आर्मला, जोडायला गावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं आम्ही एक बूम करून घेतला होता, चॅनलचा, टोकाला हूक. त्याला घरात सगळे सोंड म्हणतात. बोअरच्या मोटरी, पाइपची बंडलं, एकदा जुनं डिझेल इंजिन, असं बरंच काही त्या सोंडेनं उचललेलं. कधी काही झालं नव्हतं, आणि त्यामुळंच सगळ्यांना वाटायला लागलं होतं की हिला काहीही उचलतं.

फिल्टर २४ इंची, उभी टाकी, खाली तीन पाय. किती किलोचा असेल यावर विहिरीवर उभ्या उभ्या चर्चा झाली. मी म्हणालो दीडशे. धाकटा म्हणाला दोनशे धर. सात वर्षांपूर्वी टाकी टेम्पोतनं आली तेव्हा दोघांनी उतरवून घेतली होती, ती आठवण डोक्यात पक्की बसलेली. वाळू नंतर घमेल्यानं वरनं भरली होती, पण तिचं वजन वेगळं धरायचं कुणाला सुचलं नाही. दाजी तेवढे म्हणाले, "वाळू काढून घेऊ का आधी, हलकं होईल." मी म्हणालो, "कशाला दाजी, काढायची आन परत भरायची, अर्धा दिवस जाईल, तसाच नेऊ की." दाजी आमच्या घरात कधी उलट बोलत नाहीत. गप्प बसले.

पट्टा टाकीला गुंडाळला, हुकाला अडकवला, धाकट्यानं लिफ्टचा लिव्हर ओढला. इंजिन दबलं, हायड्रॉलिकमधनं शिट्टीसारखा बारीक आवाज यायला लागला, आणि टाकी जागेवरच आणि ट्रॅक्टरचं तोंड वर! पुढची चाकं जमिनीपासनं चार बोटं सुटली. चाकाखालनं पलीकडची माती दिसत होती, मी ते डोळ्यांनी बघितलंय.

तिथं थांबायला पाहिजे होतं. मी थांबवलं नाही. उलट मी म्हणालो, पुढं दोघं जण बंपरवर उभं राहा. एक आमचा गडी आणि दुसरा भाचा, दाजींचा पोरगा, बारावीतला. दोघं बॉनेटला धरून उभे राहिले, पुढची चाकं टेकली, टाकी जमिनीपासनं वीतभर उचलली गेली आणि आम्हाला सगळ्यांना वाटलं जमलं. हे बंपरवर माणसं उभी करायचं आमच्याकडं इतकं सर्रास आहे की त्यात काही चूक असेल असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही.

गाडीवाटेनं सपाटीला गेले ते चारशे मीटर. दाजी मागं टाकीला हात लावून चालत होते, हेलकावे खाऊ नये म्हणून. धाकटा मधेच ओरडला, "दादा, स्टिअरिंग लागंना नीट, वळवलं तरी सरळच चाललाय." मी म्हणालो हळू घे. एका दगडावरनं मागचं चाक गेलं तेव्हा पुढची चाकं परत क्षणभर उचलली आणि टेकली. ही दुसरी खूण होती आणि तीपण आम्ही सोडून दिली.

तळ्याच्या बांधावर चढायला मुरमाचा उतार केलेला आहे, फार नाही, सहा फूट पुढं गेलं की एक फूट चढतो एवढाच. पुढची चाकं चढली, मागची चढायला लागली, धाकट्यानं चढासाठी थोडा रेस दिला आणि ट्रॅक्टर उभा राहिला. घोडा राहतो तसा. गडी बाजूला उडी मारून सुटला. भाच्याचे हात बॉनेटवरनं निसटले आणि तो पाठीवर मुरमात पडला, नशीब की बाजूला पडला, चाकाच्या वाटेत पडला नाही. धाकट्याचा उजवा हात लिफ्टच्या लिव्हरवरच होता, त्यानं तो घाबरून खाली दाबला. टाकी खाली आदळली आणि ट्रॅक्टरचं तोंड धाडकन खाली आलं. टाकीचा एक पाय दाजींच्या पायावर. त्यांनी आवाजसुद्धा केला नाही, नुसते खाली बसले आणि पोराकडं बघत राहिले, तो उठतोय का ते.

सांगोल्यात एक्स-रे, मग सोलापूर, प्लॅस्टर. तो भाग लांबवत नाही.

संध्याकाळी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. आबांनी आयुष्यभर बैलगाडी हाकली. ते सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "गाडी उलाळ झाली." ज्यांनी बैलगाडी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, गाडीत माल मागच्या बाजूला जास्त भरला की जू वर उचललं जातं, बैलांच्या गळ्याला फास बसतो आणि गाडी मागं कलंडते, त्याला उलाळ म्हणतात. माल भरताना आबा थोडं थोडं भरून जू हातानं उचलून बघायचे, जू किती जड लागतंय त्यावर पुढचं पोतं कुठं टाकायचं ते ठरायचं. म्हणजे ज्या माणसानं कधी ट्रॅक्टर चालवला नाही त्याला जे कळत होतं ते आम्हा तिघांना कळलं नाही, कारण आमचं सगळं लक्ष ७५० या आकड्यावर.

मग मी ठरवलं की आमच्या ट्रॅक्टरचं जू किती जड आहे ते मोजायचं. पंढरपूर रोडला वजनकाटा आहे, उसाच्या ट्रॉल्यांची रांग संपेपर्यंत थांबलो. आधी अख्खा ट्रॅक्टर काट्यावर घेतला, मी खाली उतरून: ८५० किलो. मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून मागची बाहेर: ३४०. काट्यावाल्यानं दोन्हीचे मिळून ज्यादा पैसेपण घेतले नाहीत. घरी येऊन टेप लावला. पुढच्या आणि मागच्या आसामधलं अंतर दीड मीटर. मागच्या आसापासनं खालच्या आर्मच्या बॉलपर्यंत, म्हणजे अवजाराची पिन बसते तिथवर, ६५ सेंटीमीटर. मागच्या आसापासनं सोंडेच्या हुकापर्यंत १८५ सेंटीमीटर. सोंडेचं स्वतःचं वजन ६० किलो, आणि ते मागच्या आसापासनं साधारण सव्वा मीटरवर बसतंय. फिल्टरमधली वाळू खतांच्या रिकाम्या पोत्यांत काढली आणि डाळिंबाचे क्रेट तोलायच्या काट्यावर एकेक पोतं तोललं: वाळू २७६ किलो, रिकामी टाकी ९४. एकूण ३७०. आणि त्या दिवशी आत जे पाणी होतं ते यात धरलेलंच नाही, ते निथळून गेलं.

आता गणित. अवघड काही नाही, तराजूचंच गणित आहे. मागच्या चाकाचा आस म्हणजे तराजूचा काटा. पुढच्या बाजूला ३४० किलो दीड मीटरवर, म्हणजे ३४० गुणिले १.५, ५१०. हा ट्रॅक्टरचा तोल. मागच्या बाजूला सोंड, ६० गुणिले १.२५, ७५. ५१० मधनं ७५ गेले, राहिले ४३५. हुक १.८५ मीटरवर, तर ४३५ भागिले १.८५, साधारण २३५ किलो. म्हणजे हुकाला २३५ किलो लटकलं की पुढच्या चाकांवर शून्य. आम्ही ३७० लटकवले होते. मग तोंड वर होणार नाही तर काय होणार.

पण २३५ हीसुद्धा उचलायची मर्यादा नाही, ती उलटायची मर्यादा आहे. ट्रॅक्टर वळायला पाहिजे तर पुढच्या चाकांवर कमीत कमी ट्रॅक्टरच्या वजनाच्या २० टक्के वजन राहायला पाहिजे, हा नियम बहुतेक ट्रॅक्टरांच्या पुस्तकात असतो. आमच्या ८५० चे २० टक्के १७०. म्हणजे ३४० पैकी खर्च करायला फक्त १७० मिळतात, गुणिले दीड, तोल २५५. त्यातनं सोंडेचे ७५ गेले, राहिले १८०, भागिले १.८५. उत्तर ९७ किलो. ज्या सोंडेवर आम्ही डिझेल इंजिन उचललं होतं त्या सोंडेची खरी मर्यादा सपाट जमिनीवर ९७ किलो. हे उत्तर आल्यावर मी तीनदा परत करून बघितलं.

मग ७५० चं काय? तो आकडा खोटा नाही. तो लिफ्टच्या ताकदीचा आकडा आहे, आर्मच्या टोकाला बॉलपाशी हायड्रॉलिक किती उचलू शकतं त्याचा. लिफ्टला फक्त पंप आणि सिलेंडर माहीत, पुढची चाकं जमिनीवर आहेत की हवेत ते तिला कळत नाही. आमच्या ट्रॅक्टरला बॉलपाशी, एकदम जवळ, सोंड न लावता वजन अडकवलं तर २५५ भागिले ०.६५, साधारण ३९० किलोपर्यंत पुढची चाकं नीट राहतात. ट्रॅक्टर तोच, फक्त अंतर वाढलं आणि सोंडेचं वजन आलं की ३९० चे ९७ होतात. आणि ती जी बारीक शिट्टी ऐकली होती ती जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हची, म्हणजे सोंडेच्या लांबीमुळं लिफ्टसुद्धा तिच्या शेवटच्या टोकाला आली होती. तो आवाज आला की लिव्हर सोडायचा, परत ओढायचा नाही.

बंपरवरच्या दोघांचं सांगतो, कारण खरा धोका तिथंच लपला होता. दोघं मिळून १४० किलो, मागच्या आसापासनं २.१ मीटरवर, म्हणजे २९४ तोल वाढला. ५१० अधिक २९४ वजा ७५, झाले ७२९. फिल्टरचे ३७० गुणिले १.८५, साधारण ६८४. उरले ४५, भागिले दीड, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांवर मिळून ३० किलो. एका पोत्याएवढंसुद्धा नाही. धाकटा म्हणत होता स्टिअरिंग लागंना, ते यामुळं. जमलंय असं आम्हाला वाटलं तेव्हा आम्ही ३० किलोच्या धाग्यावर चारशे मीटर चाललो होतो. आणि लोखंडी वजन बोल्टनं बसवलं की जागेवर राहतं, माणूस घाबरला की उडी मारतो, मारायलाच पाहिजे. गड्यानं उडी मारली त्या क्षणाला पुढचा निम्मा आधार गेला, आणि जो थांबला तो पडला. ट्रॅक्टरनं विहिरीवरच नाही म्हणून सांगितलं होतं, पोरं उभी करून आम्ही त्याचं तोंड दाबलं.

चढावर काय होतं तेपण बघा. ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचं सगळं वजन मागं सरकतं, बंपरवरची माणसं आसाच्या जवळ येतात आणि लटकलेलं वजन आणखी मागं जातं, कारण हुक उंच आहे. आमच्या सहाला एक एवढ्याशा चढावर मी कागदावर मांडलं तर पुढचा तोल ६९० च्या आसपास आणि मागचा ८३० च्या वर गेला. त्यात रेस दिला की मागच्या चाकांचा रेटा बॉडीला आणखी वर उचलतो. मागं जड वस्तू असेल आणि चढ चढायचाच असेल तर रिव्हर्समध्ये चढायचा, म्हणजे जड बाजू वरच्या अंगाला राहते. उतरताना तोंड पुढं करून उतरायचं. आधी तर चढच टाळता येतो का बघायचा. मागं उलटणाऱ्या ट्रॅक्टरबद्दल सुरक्षेच्या माहितीत एक आकडा नेहमी असतो, परत न येण्याच्या टप्प्यापर्यंत साधारण पाऊण सेकंद. पाऊण सेकंदात माणसाला कळतसुद्धा नाही काय चाललंय. धाकट्याचा हात लिव्हरवर नसता आणि त्यानं सवयीनं क्लच दाबून, ट्रॅक्टर मागं घरंगळायला लागल्यावर ब्रेक मारला असता, तर ब्रेकनं तोंड आणखी वर गेलं असतं. लिव्हर खाली, वजन जमिनीला, हाच एक उपाय होता आणि तो त्याला नशिबानं सुचला. आणि रोलबार शेडमध्ये होता. रोलबार आणि सीटचा पट्टा असता तर निदान एवढं म्हणता आलं असतं की उलटला तरी माणूस वाचेल.

दाजींची चूक काहीच नव्हती, त्यांना तिथं उभं करायला नको होतं. लटकलेली वस्तू हातानं धरायची नसते. लांब दोरी बांधायची, टाकीच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर बाजूला उभं राहायचं, आणि हेलकावा आला तर दोरीनं आवरायचा, नाही आवरला तर सोडून द्यायचा. ट्रॅक्टर आणि वस्तूच्या मधे तर कुणीच नाही. उचललेल्या वस्तूखाली हात-पाय घालायचा नाही, हायड्रॉलिकचा एक पाइप फुटला किंवा कुणाचा धक्का लिव्हरला लागला की ती खालीच येते. काही बघायचं असेल तर आधी लाकडी ठोकळे.

एक गोष्ट ट्रॅक्टर धुताना सापडली. टॉप लिंकला, म्हणजे थ्री पॉइंटच्या वरच्या दांड्याला, मूळची पिन नव्हती, कधीतरी हरवली होती आणि तिथं साधा बोल्ट घातलेला, तो मधे वाकलेला. या साइजच्या ट्रॅक्टरला वरची पिन १९ मिलिमीटरची आणि खालच्या दोन २२ मिलिमीटरच्या असतात, आम्ही घातलेला बोल्ट त्याहून बारीक होता. सोंड लावली की वजन खाली ओढतं आणि टॉप लिंक ताणली जाते, सगळी ओढ त्या एका पिनवर. बोल्ट तुटला असता तर सोंड खाली, टाकी खाली, सगळं एकदम. पिन दुकानात मिळते, किंमत चहा-नाश्त्याएवढी. दोन्ही बाजूच्या चेक चेनपण ढिल्या होत्या, त्यामुळं सोंड डावी-उजवी हलत होती.

हे सगळं बोलताना गावात एकानं सांगितलं, मागच्या टायरात पाणी भरून घ्या, काय होत नाही. पाणी भरल्यानं ग्रिप वाढते, आडव्या उताराला ट्रॅक्टर जरा जास्त स्थिर राहतो, हे खरं आहे. पण ते वजन मागच्या आसावरच बसतं, तराजूच्या काट्यावर ठेवलेल्या वजनानं कुठलंच पारडं खाली जात नाही. मागनं उचलायचं असेल तर वजन पुढं पाहिजे. ज्यांच्याकडं पुढं लोडर आहे त्यांचं उलटं, त्यांना मागं वजन लागतं आणि बकेट खाली ठेवून चालवायला लागतं. आणखी एक, आपण बागेच्या ओळीत बसावा म्हणून चाकांचं अंतर कमी करतो. तेच अंतर ठेवून सोंडेला उंच लटकलेलं वजन घेऊन आडव्या उताराला गेलं की ट्रॅक्टर कुशीवर जातो, मागं जायच्या आधीच.

बाग काढताना झाडांचे बुंधे ओढायचं कामपण याच मिनीनं चाललेलं असतं, म्हणून एवढं सांगतोच. साखळी कायम खालच्या ड्रॉबारला, म्हणजे मागच्या आसाच्या खाली असलेल्या ओढायच्या पट्टीला. टॉप लिंकच्या जागेला किंवा सीटखालच्या बॉडीला साखळी बांधली आणि बुंधा हलला नाही तर मागची चाकं जागेवर अडकतात आणि ट्रॅक्टर स्वतःच्या आसाभोवती फिरून चालवणाऱ्यावर येतो. आसाच्या वर बांधलेली साखळी म्हणजे आमच्या फिल्टरसारखंच, फक्त त्याला खाली टेकायला जमीन नाही.

फिल्टर शेवटी नेला तो असा. वाळू तर तोलायला काढलीच होती, सात पोती झाली. पोती ट्रॉलीत टाकली, ट्रॉलीचं वजन ट्रॉलीच्या चाकांवर, प्रश्न मिटला. टाकीसाठी सोंड लावलीच नाही. शेजाऱ्याचं थ्री पॉइंटचं कॅरियर आणलं, लोखंडी फळी असते ती, आर्मला एकदम चिकटून बसते. टाकी आडवी करून त्यावर ठेवली, दोन पट्ट्यांनी आवळली, जमिनीपासनं वीतभर उचलली, पहिल्या लो गिअरमध्ये. निघायच्या आधी धाकट्यानं जागेवर उभ्या ट्रॅक्टरचं स्टिअरिंग डावीकडं उजवीकडं फिरवून बघितलं, जड लागलं, चाकांनी माती ढकलली. आता आमच्याकडं हे दर वेळी होतं, आबा जू उचलून बघायचे तसं. बांधाच्या चढाला ट्रॅक्टर उलटा लावला आणि रिव्हर्समध्ये वर नेला. वर टाकी उभी करायला तिपाई आणि चेन पुली लावली. सगळं धरून सहा तास गेले. त्या दिवशी वाळू काढायची म्हणून अर्धा दिवस वाया जाईल असं मी म्हणालो होतो, तो अर्धा दिवस असा होता.

पुढं वजनं बसवायचं बघितलं. ब्रॅकेटसकट १०० किलो बसतंय, मागच्या आसापासनं दोन मीटरवर, म्हणजे २०० तोल. त्यानं सोंडेची मर्यादा ९७ वरनं २०५ च्या आसपास जाते. चांगलं आहे, घेणार आहे, पण वाळूनं भरलेला फिल्टर तरीसुद्धा बसत नाही, १०० किलो लोखंड लावूनसुद्धा नाही. ३७० किलोची वस्तू सोंडेला लावायची असेल तर ते काम या ट्रॅक्टरचं नाही, जेसीबीची वाट बघायची किंवा हायड्रा क्रेन सांगायची. दोन दिवस रोपांना बादलीनं पाणी घालायला काय लागलं असतं.

रोलबार परत बसवलाय. बागेत दोन-चार खालच्या फांद्या छाटायला लागल्या. सोंडेवर पांढऱ्या ऑइल पेंटनं "९० किलो, सपाटीला" असं मोठ्या अक्षरात लिहिलंय, भाच्याच्या हातचं अक्षर आहे. विहिरीवर आणि शेडमध्ये काय काय जड पडलंय त्याची वजनं पण त्यानंच एका वहीत लिहून ठेवलीत.

दाजी आता चालतात, बूट घातला की थोडं दुखतं म्हणतात. मागच्या आठवड्यात ते आमच्याकडंच होते तेव्हा वरच्या वस्तीवरचा एक जण सोंड मागायला आला, त्याला पीठगिरणीची जुनी मोटर उतरवायची होती. मी काही बोलायच्या आधी दाजींनीच विचारलं, "तुमच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकावर किती वजन हाय?" तो म्हणाला, लिफ्टिंग ७८० हाय बघा दाजी. दाजी म्हणाले, "ते नव्हं. पुढच्या चाकावर." त्याला माहीत नव्हतं. दाजींनी सोंड दिली नाही, काट्यावर जाऊन ये म्हणाले. तासाभरानं त्याचा तिथनंच फोन आला, पुढं ३१० भरतंय, आता टेप कुठनं कुठवर लावू.